जुन्या मोटारीची घरघर

जुनी मोटार बाळगणाऱ्या घरांत तिचे आवाज सर्वांच्या कानांत बसलेले असतात. सकाळीं इंजिन प्रथम चालू करतांना होणारी कुरकुर, पहिल्या गिअरमध्यें निघणारा बारीक सूर, खड्ड्यांतून जातांना कमानपाट्यांची करकर, हें सारें घरच्या मंडळींना पाठ असतें. म्हणूनच एखाद्या दिवशीं त्यांत नवा आवाज मिसळला, कीं तो तत्काळ ओळखूं येतो. आवाज नवा आहे एवढें कळतें. तो कशाचा आहे हें मात्र कळत नाहीं. पैशाच्या नासाडीस पुष्कळ वेळां आरंभ होतो तो येथूनच.

समजा, मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या एका कुटुंबापाशीं प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत, इटलीच्या फियाटच्या नमुन्यावरून, ही गाडी १९६४ पासून तयार होऊं लागली आणि १९७४ सालीं तिला पद्मिनी हें नांव मिळालें. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतून ती २०२३ च्या ऑक्टोबरांत कायमची गेली. पण हौशी घरांत ती अद्याप जपलेली आढळते. ह्या कुटुंबांतील गृहस्थांना एके दिवशीं ताशीं ५० किलोमीटरच्या सुमारास पायांखालीं थरथर जाणवूं लागली आणि तिच्याबरोबर एक घोगरी घरघर ऐकूं येऊं लागली. वेग कमी केला कीं ती थांबे.

गाडी मिस्त्रीकडे गेली. ‘साहेब, गिअरबॉक्स गेला,’ असें निदान झालें. गिअरबॉक्स उतरविला, त्यांतील दोन बेअरिंगें बदललीं. आतां उघडलाच आहे तर क्लच प्लेटहि नवी घालूं, म्हणून तीहि घातली. चार दिवसांनीं गाडी घरीं आली आणि ताशीं ५० च्या सुमारास पुन्हां तीच घरघर. दुसऱ्या मिस्त्रीनें डिफरन्शियलकडे बोट दाखविलें. गृहस्थांनीं येथें हात आखडता घेतला, हें बरें झालें.

ह्यांत मिस्त्रीला लबाड म्हणण्याचें कारण नाहीं. ‘गाडींतून आवाज येतो,’ एवढेंच त्याला सांगण्यांत आलें होतें. वैद्यापुढें जाऊन ‘दुखतें’ एवढाच शब्द उच्चारणारा रोगी आणि हा गाडीवाला यांत फरक तो काय? दुखणें जेवल्यावर वाढतें कीं उपाशीपोटीं, चालतांना कीं पडून राहिल्यावर, हें सांगितल्यावांचून निदान होत नाहीं. मोटारीचेंहि तसेंच आहे. आवाज कोठून येतो हें कानानें शोधण्यापेक्षां तो केव्हां येतो आणि केव्हां थांबतो हें आधीं पाहावें. कान ह्या बाबतींत मोठा फसवा साक्षी आहे. वीणेची तार छेडली जाते एकीकडे आणि नाद घुमतो भोपळ्यांत. त्याचप्रमाणें मागच्या चाकांतला आवाज पत्र्यांतून वाहत येऊन पुढच्या आसनाखालीं उमटतो.

‘केव्हां’ ह्या प्रश्नाला एवढें महत्त्व कां, हें कळण्यासाठीं इंजिनाची शक्ति चाकांपर्यंत कोणत्या वाटेनें जाते तें ध्यानांत घेतलें पाहिजे. पद्मिनीमध्यें, तशीच २०१४ पर्यंत तयार होत असलेल्या अँबॅसडरमध्यें, इंजिन पुढें असतें आणि चालना मागील चाकांना मिळते. इंजिनाला लागून क्लच, त्याच्यामागें गिअरबॉक्स, तेथून गाडीच्या पोटाखालून मागें जाणारा लांब नळीसारखा प्रोपेलर शाफ्ट, मागील आंसाच्या मध्यावर डिफरन्शियल, आणि त्यांतून दोहों बाजूंच्या चाकांकडे जाणारे दोन अर्धे शाफ्ट, अशी ही सांखळी आहे. तिच्यांतील सर्व भाग सर्व वेळीं फिरत नाहींत. कांहीं इंजिनाच्या वेगानें फिरतात, कांहीं चाकांच्या वेगानें. कांहीं क्लच दाबतांच थांबतात, कांहीं क्लच दाबल्यावरच कामाला लागतात. जो भाग फिरतच नाहीं तो फिरण्याचा आवाज करीत नाहीं. सारी परीक्षा ह्या एका साध्या गोष्टीवर उभी आहे, आणि तिला एकहि पाना लागत नाहीं.

पहिली परीक्षा गाडी उभी असतांना करावी. हातब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्यें ठेवावा, इंजिन मंद चालू द्यावें आणि पाय क्लचवरून पूर्ण काढून घ्यावा. ह्या स्थितींत गिअरबॉक्समध्यें येणारा शाफ्ट आणि त्याच्याशीं दांत्यांनीं जोडलेला खालचा काउंटर शाफ्ट हे दोन्ही फिरत असतात. बाहेर जाणारा शाफ्ट स्वस्थ असतो. आतां क्लच सावकाश पूर्ण दाबावा. आवाज आधीं होता आणि दाबल्यावर विरून गेला, तर दोष त्या दोन शाफ्टांच्या बेअरिंगांत असण्याचा संभव मोठा. उलट, आधीं शांतता होती आणि पाय ठेवतांच सूं सूं किंवा करकर सुरू झाली, तर संशय क्लचच्या रिलीज बेअरिंगवर जातो. कारण पेडल दाबलें म्हणजेच त्यावर भार येतो. नुसता पाय टेकवितांच आवाज आला तर ही खूण अधिक पक्की. क्लचवर पाय ठेवून गाडी हांकण्याची संवय पुष्कळांस असते; हें बेअरिंग अकालीं झिजतें तें त्या पायाखालीं.

दुसरी परीक्षा रस्त्यावरची. ती सपाट, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावरच करावी. घाटांत उतारावर ती करणें हें शुद्ध अविचाराचें काम होय. ज्या वेगाला आवाज येतो त्या वेगाला गाडी न्यावी, मग क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्यें घ्यावा आणि क्लच सोडून गाडी आपल्या गतीनें जाऊं द्यावी. इंजिन बंद करूं नये, किल्लीला हात लावूं नये. इंजिन आतां मंद चालीवर उतरलें आहे, पण चाकें पूर्वींच्याच वेगानें फिरत आहेत. घरघर तशीच चालू राहिली तर इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सचा पुढचा भाग हे बहुतेक निर्दोष ठरतात. ती एकदम थांबली तर मात्र तेथेंच शोध घ्यावा. ह्याच परीक्षेचें दुसरें रूप असें, कीं ताशीं ५० चा वेग एकदां तिसऱ्या गिअरमध्यें आणि एकदां चौथ्यांत धरावा. इंजिनाचे फेरे दोन्ही वेळां निराळे, चाकांचे तेच. आवाजाची पट्टी बदलली नाहीं, तर तो चाकांच्या वेगाशीं बांधलेला आहे.

चौथ्या गिअरचें आणखी एक रहस्य आहे. अशा गाड्यांच्या गिअरबॉक्समध्यें चौथा गिअर सरळ असतो. म्हणजे येणारा आणि जाणारा शाफ्ट एकमेकांत अडकून एकच होतात, आणि काउंटर शाफ्ट नुसता भाराविना फिरत राहतो. पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या गिअरमध्यें रडणारी गाडी चौथ्यांत पडतांच गप्प झाली, तर त्या काउंटर शाफ्टचे दांते किंवा बेअरिंग तपासावें. एकाच गिअरमध्यें आवाज असेल तर त्याच गिअरची दातेरी जोडी पाहावी. आणि पद्मिनीसारख्या, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअरची मूठ असलेल्या गाडींत, एक अगदीं बिनपैशाचा उपाय आधीं करावा: खडखड चालू असतांना मुठीवर हलकेंच हात ठेवावा. आवाज थांबला, तर गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळ्यांचे बुश झिजले आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

आतां आवाजाच्या पट्टीविषयीं. थोडेंसें गणित केलें तर कान अधिक शहाणा होतो. चाकाचा परीघ सुमारें १.८५ मीटर धरला, तर ताशीं ६० किलोमीटर वेगाला चाक एका सेकंदांत ९ फेरे घेतें. डिफरन्शियलमधील लहान चाकाला, म्हणजे पिनियनला, १० दांते आणि मोठ्या क्राउनला ४३ दांते आहेत असें धरूं. मग प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या ४.३ पट, म्हणजे सेकंदाला सुमारें ३९ फेरे फिरतो. आणि दांत्यावर दांता बसण्याची क्रिया सेकंदाला सुमारें ३८७ वेळां घडते. ह्या तीन आंकड्यांचे तीन निरनिराळे आवाज होतात. चाकाचा दोष धप् धप् असा येतो. वेग ताशीं २० वर आणला तर सेकंदाला तीन ठोके पडतात आणि ते मोजतां येतात. शाफ्टचा दोष ठोक्यांसारखा लागत नाहीं. तो घरघर आणि थरथर होऊन आसनांत, पायांखालच्या पत्र्यांत शिरतो. दांत्यांचा दोष मात्र सुरांत गातो. ३८७ कंपनें म्हणजे हार्मोनियमच्या मधल्या सप्तकांतील पांढरी पांचच्या अगदीं जवळचा सूर. घरांत कोणी गाणारें असेल तर त्याला मागच्या आसनावर बसवावें. वेगाबरोबर चढणारा असा स्वच्छ सूर ऐकूं आला, तर डिफरन्शियलकडे लक्ष द्यावें, हें तोच प्रथम सांगेल.

डिफरन्शियलची खातरजमा ॲक्सिलरेटरच्या साहाय्यानें होते. पाय दाबला असतां दांत्यांच्या एका अंगावर भार येतो आणि पाय उचलला असतां दुसऱ्या अंगावर. म्हणून त्याचा सूर पाय दाबतां-उचलतांना बदलतो, कधीं नाहींसाच होतो. चाकाच्या बेअरिंगला ह्याचें फारसें सोयरसुतक नसतें. त्याला कळतें तें वळण. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेंच डावीकडे झुकविली कीं वजन उजव्या चाकांवर जातें. तेव्हां गुरगुर वाढली तर उजवीकडील बेअरिंग, आणि उजवीकडे झुकवितांना वाढली तर डावीकडील. हें दुखणें अंगावर काढण्याजोगें नव्हे. बेअरिंग तापून चाक जाम होऊं शकतें, आणि मागील आंसाच्या कांहीं जुन्या बनावटींत अर्धा शाफ्टच चाकासह बाहेर सरकूं शकतो. टायरची गुरगुर पुष्कळ वेळां बेअरिंगसारखीच वाटते. पण सिमेंटच्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर येतांच ती आपला सूर बदलते, बेअरिंग बदलत नाहीं.

ह्या परीक्षांच्याहि आधीं दोन गोष्टी कराव्या. गाडीची डिकी पूर्ण रिकामी करावी. त्याचें कारण पुढें येईल. आणि गिअरबॉक्स व डिफरन्शियल यांतील तेल पाहावें. मागील सीलमधून तेल झिरपून पातळी उतरली असेल, तर धडधाकट दांतेहि ओरडूं लागतात. तेल काढून पाहिलें तर तें पुष्कळ सांगून जातें. त्यांत सोनेरी झांक दिसली तर गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रोच्या कड्या झिजत आहेत. पोलादाचे कण किंवा कपचे सांपडले तर दांत्यांना इजा झाली आहे, आणि तेव्हां गिअरबॉक्स उघडण्यांत दिरंगाई करूं नये. नवें तेल घालतांना डिफरन्शियलचें तेल गिअरबॉक्समध्यें डोळे मिटून ओतूं नये. त्यांतील गंधकयुक्त द्रव्यें कांहीं वेळां पितळेला बाधतात. गाडीच्या पुस्तकांत जें लिहिलें असेल तेंच घालावें.

आतां त्या उपनगरांतल्या पद्मिनीकडे वळूं. गृहस्थांनीं रविवारीं पहाटे, रस्ते मोकळे असतांना, वहींत टिपणें घेत गाडी चालविली. उभ्या गाडींत क्लच दाबला काय, सोडला काय, शांतता. ताशीं ५० ला घरघर. तिसऱ्यांत आणि चौथ्यांत तीच पट्टी. न्यूट्रलमध्यें घेतल्यावर ती थोडी मंदावली, पण गेली नाहीं. वळणांत फरक नाहीं, रस्त्याच्या पृष्ठभागानें फरक नाहीं. सूर नव्हे, थरथर. आणि घरीं परत येऊन गाडी आंत घेतांना आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली, जी गेले कित्येक आठवडे कानांवर पडत असूनहि त्यांनीं मनावर घेतली नव्हती: पुढून रिव्हर्समध्यें टाकून क्लच सोडतांच पोटाखालीं ‘ठक्’ असा एक स्वच्छ आवाज झाला.

ही सर्व लक्षणें प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांकडे बोट दाखवितात. मागील आंस कमानींवर वरखालीं होत असतो, म्हणून शाफ्टला ताठ बांधतां येत नाहीं; त्याच्या टोकांना वळणारे सांधे लागतात. सतराव्या शतकांतील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याचें नांव ह्या सांध्याला मिळालें आहे. गॅरेजांत त्याला नुसतें ‘क्रॉस’ म्हणतात, कारण त्याच्या पोटांत अधिकचिन्हासारखा एक पोलादी तुकडा असतो आणि त्याच्या चार टोकांवर बारीक सुयांसारख्या रुळांचीं बेअरिंगें असलेल्या चार वाट्या असतात. ग्रीस संपलें कीं सुया कोरड्या पडतात, गंजतात, झिजतात. आरंभीं सावकाश जातांना चिमणीसारखी चिवचिव ऐकूं येते. तिकडे सर्वजण दुर्लक्ष करतात, कारण ती थोड्या वेळानें आपोआप थांबते. मग भार उलटतांना ‘ठक्’ येतें. त्यानंतर वेगांत थरथर. त्याच्या पुढची पायरी म्हणजे सांधा तुटणें.

तो तुटला तर काय होतें, हें खंडाळ्याच्या घाटानें मुंबईकडे उतरणाऱ्यानें मनाशीं आणून पाहावें. इंजिन आणि चाकें यांचा संबंध एका क्षणांत सुटतो. खालच्या गिअरनें गाडी रोखून धरण्याचा आधार जातो आणि सारा भार ब्रेकांवर पडतो. लँड रोव्हरसारख्या कांहीं जुन्या गाड्यांत हातब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागें ह्या शाफ्टवरच बसविलेला असतो. तेथें तोहि निकामी होतो. शिवाय शाफ्टचें पुढचें टोक सुटून रस्त्यावर आपटलें तर तें डांबरांत रुतून गाडी मागून उचलली जाण्याचा धोका असतो. जो सांधा बदलणें गिअरबॉक्स उतरविण्यापेक्षां कितीतरी कमी खर्चाचें आणि कमी वेळाचें काम आहे, त्याच्या उपेक्षेचा हा परिणाम.

गृहस्थांनीं मिस्त्रीला ह्या वेळीं ‘आवाज येतो’ असें न सांगतां वही दाखविली. मिस्त्रीनें ती वाचली, डोकें खाजविलें आणि ‘साहेब, हें आधीं सांगायचें!’ एवढेंच म्हणाला. चाकांना पुढूनमागून दगड लावले, गाडी नुसत्या जॅकवर न ठेवतां भक्कम घोड्यांवर ठेवली, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्यें. सांध्याच्या दोहों बाजूंस हात धरून त्यानें शाफ्ट उलटसुलट पिळला. पुढचा सांधा घट्ट होता. मागचा बोटाला जाणवेल इतका हलला, आणि त्याच्या एका वाटीच्या कडेला तांबड्या गंजाची बारीक भुकटी जमलेली दिसली.

येथें आणखी एक गोष्ट उघडकीस आली. मागील वेळीं गिअरबॉक्स उतरवितांना शाफ्ट काढण्यापूर्वीं त्यावर खूण केलेली नव्हती. हूकचा सांधा कोनांत फिरतांना एका फेऱ्यांत दोनदां किंचित् जलद आणि दोनदां किंचित् मंद होतो. पुढच्या सांध्याची ही लहर मागचा सांधा पुसून टाकतो, पण दोघांचे काटे शाफ्टवर एका रेषेंत असले तरच. सरकत्या जोडाचे दांते एकदोन घरें चुकून बसले, कीं पुसण्याऐवजीं लहर वाढते. ह्या शाफ्टचे काटे खरोखरच रेषेंत नव्हते. म्हणजे पहिल्या दुरुस्तीनें दोष गेला नव्हताच, वर त्यांत थोडी भर पडली होती. शाफ्ट काढण्यापूर्वीं दोन्ही भागांवर रंगाची एक रेघ ओढणें, हें काम अर्ध्या मिनिटाचें आहे. गाडीवाल्यानें जवळ उभें राहून तें करवून घ्यावें.

मागचा क्रॉस बदलला, पुढच्यांत ग्रीस भरलें, काटे रेषेंत आणले. दुपारपर्यंत काम आटोपलें. संध्याकाळीं घरची सर्व मंडळी गाडींत बसून निघालीं. ताशीं ५० झाले, ६० झाले. पाय स्वस्थ, पत्रा स्वस्थ. रिव्हर्सचें ‘ठक्’हि गेलें. मात्र घराच्या वळणावर मागून एक खडखड ऐकूं आली आणि गृहस्थांचा चेहरा उतरला. गाडी थांबवून, वही काढून, ते पुन्हां वेग व गिअर यांची नोंद करूं लागले. तेवढ्यांत मुलानें उतरून डिकी उघडली. परीक्षेसाठीं बाहेर काढलेला जॅक मिस्त्रीनें परत ठेवला होता, पण त्याचा पट्टा बांधावयाचा राहिला होता.